रारा सरोवराच्या काठची दोन गावे

नेपाळच्या वायव्येस, मुगू जिल्ह्यात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर रारा सरोवर आहे. देशातले हे सर्वांत मोठे. खोली १६७ मीटर. म्हणजे पाचसहा माड एकावर एक उभे केले, तरी शेंडा काही दिसायचा नाही!

राजे महेंद्र १९६४ साली येथे आले आणि या सरोवराला त्यांनी कवितेत अप्सरा म्हटले. पुढे १९७६ साली भोवतालचा १०६ चौरस किलोमीटर मुलूख राष्ट्रीय उद्यान ठरला. कस्तुरीमृगाला, तांबड्या पांडाला अभय मिळाले. झाले ते बरेच झाले.

पण सरोवराकाठी रारा आणि छाप्रू अशी दोन गावे नांदत होती, त्यांचे काय? उद्यानासाठी ती उठवली. माणसे खाली तराईत नेऊन वसवली. जन्म गेला बर्फाच्या थंडीत, अन् आता उकाड्याची सपाटी! गुरेढोरे, पेरणीचे दिवस, सारेच नव्याने शिकायचे.

आज जुमल्याहून दोनतीन दिवस पायी चालून, नाहीतर ताल्चाच्या धावपट्टीवर लहान विमानाने उतरून प्रवासी तेथे जातो. निळे पाणी डोळे भरून पाहतो. काठाने हिंडताना त्याला उतारावर शेतांच्या जुन्या पायऱ्या दिसतात. त्यांत आता गवत माजले आहे.