जुनी जीप घ्यायचीय? इंजिन नंतर बघा, आधी कागद बघा

काच बोनेटवर पाडलेली, हिरव्या लष्करी रंगाची जीप. मागे धुळीचा लोट, पुढे डोंगर. असं रील दर दोन दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या फोनवर येतं आणि खाली हमखास कमेंट पडते, "भावा, कितीला पडली?" कितीला पडली हे मालक सांगू शकतो. अजून किती लागतील, हे मात्र त्यालाही ठाऊक नसतं.

जुन्या गाडीचं सुख आणि डोकेदुखी या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या असतील तर अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं नगर, हे चांगलं ठिकाण आहे. हे लष्कराचं शहर. रणगाडा दलाचं प्रशिक्षण देणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे. याच संस्थेनं १९९४ मध्ये उभारलेलं रणगाडा संग्रहालय बघायला लांबून लोक येतात. तिथलं सगळ्यात जुनं वाहन म्हणजे रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी. आणि याच शहरात डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे, जिथे नव्या गाड्या रस्त्यावर यायच्या आधी तपासल्या जातात. एकाच गावात गाडीचा जन्मदाखला मिळतो आणि म्हातारपणही सांभाळलं जातं.

जीप आपल्याकडे आली कशी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी, कुठेही दुरुस्त होणारी गाडी हवी होती. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं, गाडी उरली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीनं स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं.

जीपवाल्यांच्या बोलण्यात 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' हे शब्द सतत येतात. फरक साधा आहे. युद्धकाळातल्या जीपचं २.२ लिटरचं इंजिन बुटकं होतं, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. पुढे १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी मॉडेलमध्ये त्याच घराण्यातलं पण उंच इंजिन बसवलं, ते मावावं म्हणून बोनेट उंच झालं. भारतात सर्वाधिक परिचयाची झाली ती ही उंच बोनेटवाली. दिसायला लो बोनेट देखणी, म्हणून भाव तिला जास्त. उंच बोनेटची जीप कापून लो बोनेट केल्याचेही प्रकार होतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लष्करातही जीपनं काय केलं हे नव्यानं सांगायला नको. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या तोफेनं. पॅटन नगरच्या संग्रहालयात उभा आहे. तो बघताना समोर एक उघडी जीप कल्पून बघावी.

डिझेलनं जीप वाचवली, आणि तिथेच घोळ झाला

लष्करानं वापरून काढलेल्या गाड्या लिलावात निघत. त्या घ्यायचे शेतकरी, ठेकेदार, वाहतूकवाले. शौक म्हणून नाही, काम म्हणून. आणि कामाला पेट्रोल परवडत नव्हतं. जुनी पेट्रोल जीप लिटरला सात-आठ किलोमीटर चालली तरी नशीब. मग गावोगावच्या मिस्त्रींनी एकच उपाय केला, पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि डिझेल चढवायचं. कधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, कधी प्युजोच्या तंत्रज्ञानाचं, जे महिंद्रानं १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात बनवायला घेतलं होतं. इंजिनाखालचे माउंटिंग बदलायचे, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट लेथवर कातून घ्यायची, रेडिएटर मोठा टाकायचा. आठवड्याभरात जीप पुन्हा रस्त्यावर. मागे दोन बाकडी टाकली की बारा-पंधरा माणसं तालुक्याच्या बाजाराला.

हा बदल झाला नसता तर यातल्या बहुतेक जीप तीस-चाळीस वर्षांपूर्वीच भंगारात गेल्या असत्या. आज ज्या उरल्यात त्या या जुगाडामुळे उरल्यात. पण आता कायदा विचारतो: गाडी मूळ आहे का?

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली वेगळी नंबरमालिका मिळते, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. जुन्या नंबरवर जीव असलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे.

मात्र दोन अटी आहेत. पहिली, अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दुसरी अट खरी अवघड. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे डिझेल चढवलेली जीप, बोनेट कापून 'लो' केलेली जीप, वय ५० च्या पुढे असलं तरी या चौकटीत बसवणं कठीण. ज्या मिस्त्रीनं गाडी वाचवली त्याच्या हातची खूणच आडवी येते. नियमाचा हेतू चुकीचा नाही. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे राजेराजवाड्यांच्या गॅरेजमधली गाडी असावी, वाडीवस्तीवरची नव्हे, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

मग अशा जीपचं काय? ती नेहमीच्या गाडीसारखी नोंदणी वाढवत चालवायची. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या चारचाकीला त्यासाठी १०,००० रुपये शुल्क झालंय. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यानं हातानं रंगवलेली ती सुंदर प्लेटही उतरवावी लागते.

इंजिन बदललेलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याला परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. जुन्या जीपच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं नसतं. आरसीवर 'पेट्रोल', बोनेटखाली डिझेल. किंवा आरसी एका जीपची, सांगाडा दुसऱ्याच जीपचा. म्हणून विकत घेताना चॅसीवर ठोकलेला नंबर घासून, खडूनं उठवून स्वतः वाचायचा आणि आरसीशी ताडून बघायचा. पुस्तकरूपातली जुनी आरसी ऑनलाइन चढलेली आहे का, तेही परिवहनच्या संकेतस्थळावर पाहायचं. ती चढलेली नसेल तर जिथली नोंदणी असेल त्या आरटीओत आधी ती नोंद करून घ्यावी लागते. हे झाल्याशिवाय बयाणा देऊ नये. "कागद करून देतो" हे वाक्य ऐकलं की उठून चहा प्यायला जावं.

आणि मग सुरू होते दुरुस्ती

जुन्या जीपचं खरं सुख इथे आहे. बोनेट उघडलं की सगळं दिसतं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल तर दोनच शंका: पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. प्लग काढून बॉडीला टेकवायचा, सेल्फ मारायचा. ठिणगी दिसली तर कार्ब्युरेटरकडे वळायचं, नाही दिसली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बघायचे. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरनं घासायचे, फट इंचाच्या वीस हजारांश ठेवायची. फीलर गेज जवळ असेल तर पंधरा मिनिटांचं काम. बॅटरी बसली तरी पुढून हँडल घालून इंजिन फिरवता येतं. फक्त अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. हँडलनं उलटा झटका दिला तर अंगठ्याचं हाड जातं.

त्रास असा की जे उघडता येतं ते सतत उघडावंच लागतं. स्टिअरिंगला खेळ, किंग पिनच्या बेअरिंगा सैल, म्हणून ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात. ब्रेक चारही ड्रमचे, त्याला बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली चॅसीला, चिखल-पाण्याच्या वाटेत. एका चाकाचं सिलिंडर गळलं की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. पहिल्या गिअरला सिंक्रो नसल्यानं चालत्या गाडीत तो टाकताना दोनदा क्लच दाबायची सवय लागते. नव्या गाडीवर शिकलेल्याला ही जीप चालवायला दिली तर पहिल्या चौकातच घाम फुटतो.

नगरच्या हवेचाही यात वाटा आहे. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत, त्यामुळे कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा खालून कुजतो तसा इथे कुजत नाही. इथे त्रास धुळीचा आणि उन्हाचा. रबरी बुश, होस पाइप, ऑइल सील कडक होऊन तडकतात. उन्हाळ्यात दुपारी संभाजीनगर रस्त्यावरच्या इमामपूर घाटात पेट्रोल जीप मध्येच आचके देऊन थांबली तर बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावली शोधायची.

पेट्रोलचा आणखी एक नवा प्रश्न आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुन्या प्रकारचं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं. पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर, पेट्रोलच्या नळ्या यांवर पहिला घाव. जीप महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत पाणी साचून गंज धरतो, आणि काही जीपमध्ये ही टाकी चालकाच्या सीटखालीच असते. उपाय आहे: इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि पडदे घालायचे, टाकी आतून साफ करून घ्यायची, गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करायचा. गंमत अशी की सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला आणि इथेनॉलचा एक मोठा स्रोत म्हणजे ऊस. घरचाच ऊस घरच्या जीपला चढतो.

पार्टचं म्हणाल तर जीपवाले फियाट किंवा अँबेसेडरवाल्यांपेक्षा सुखी आहेत. महिंद्रानं याच घराण्यातल्या गाड्या अनेक दशकं बनवल्या, त्यामुळे ब्रेकचे, क्लचचे, गिअरचे बरेच भाग आजही नवे मिळतात. अडतं ते मूळ पेट्रोल इंजिनच्या भागांपाशी, मीटरच्या डायलपाशी, सहा व्होल्टच्या जुन्या सामानापाशी. मग मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, नाहीतर दिल्लीचं मायापुरी.

पार्टपेक्षा दुर्मीळ आहे माणूस. कार्ब्युरेटर कानानं लावणारा, पत्रा ठोकून मूळ वळण आणणारा डेंटर, बुश कातून देणारा लेथवाला, हे सगळे एका छताखाली सापडत नाहीत आणि त्यांची पुढची पिढी स्कॅनर लावून गाडी तपासायला शिकलीय. म्हणून जीप घेणाऱ्यानं आधी मिस्त्री शोधावा. त्याला गाडी दाखवायला नेताना त्याचा वेळ मोफत समजू नये आणि "दिवाळीपर्यंत द्या" अशी घाईही करू नये. मिस्त्री "बघू" म्हणाला तर दिवाळी कोणती हे विचारायचं नसतं.

डिझेल जीप विकत घेत असाल तर विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: हिचं जुनं पेट्रोल इंजिन कुठे आहे? पुष्कळदा ते त्याच घराच्या मागच्या पडवीत, पोत्याखाली पडलेलं असतं. त्यावरचा नंबर आरसीशी जुळला तर ते भंगाराच्या भावात का होईना, जीपसोबत उचला. ते पुन्हा बसवून गाडी मूळ रूपात आणता येते, आणि विंटेज नोंदणीसाठी आरटीओकडे जायची वाट निदान उघडी राहते.