कोयनेचा भूकंप आणि शाळेतील इतिहास-संशोधन

शाळेतील इतिहासाची स्पर्धा म्हटली की आपल्यासमोर येतो तो निबंध. पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस विषय सांगायचा, मुलांनी गाईडमधून चार पाने उतरवायची आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कंपासपेटी द्यायची. यात संशोधन कोठे आले? संशोधनाला प्रश्न लागतो, आणि त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून ही स्पर्धा जूनमध्ये जाहीर होऊन जानेवारीत संपावी, असे माझे मत आहे. कोयनानगरचेच उदाहरण घेऊ.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. ही वेळ या खोऱ्यात कोणाला सांगावी लागत नाही. पण मुलांपुढे चार पुस्तके उघडून ठेवा. मृतांचा आकडा कोठे १७७, कोठे १८०, कोठे सुमारे २००. भूकंपाची तीव्रता एकीकडे ६.३, दुसरीकडे ६.५. परदेशी नोंदींत तर तारीखच १० डिसेंबर! ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती, एवढेच त्याचे कारण. हा गुंता नववीच्या मुलाने स्वतः सोडवला, तर साधनांची पारख म्हणजे काय हे त्याला निराळे शिकवावे लागणार नाही.

जून ते सप्टेंबर कोयनेचा पाऊस कोणाला बाहेर पडू देत नाही. हे महिने वाचनाचे आणि प्रश्न नेमका करण्याचे. ‘कोयनेचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे. ‘आमच्या वाडीतील कोणत्या भिंती पडल्या, कोणत्या टिकल्या आणि त्या कशाच्या होत्या?’ हा प्रश्न. दुसरा याहून अवघड आहे. धरणात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासून, लहान धक्के जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का बसला आणि पुढे डिसेंबर आला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगात सर्वांत मोठा मानला जातो. मग धरणापूर्वी येथे जमीन हलत होती काय? त्या काळच्या यंत्रांच्या नोंदी तुटपुंज्या. अशा वेळी आजीची आठवण किंवा एखादे जुने पत्रसुद्धा पुरावा ठरू शकते.

दिवाळीची सुट्टी मुलाखतींसाठी राखावी. धरणात गावे बुडालेली कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली आहेत. सुट्टीत पाहुणे येतात, आपणही जातो. त्या पहाटे दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरीच्या आसपास आहे. ही कामे पुढच्या वर्षावर टाकण्यासारखी नाहीत.

आणखी एक गोष्ट सुचवतो. हिजरी कॅलेंडर जुळवून पाहा : तो १३८७ चा रमजान होता, पहिला पंधरवडा. म्हणजे ४ वाजून २१ मिनिटे ही सहरीच्या सुमाराची वेळ. आपल्या घरांतील कोण तेव्हा जागे होते, चूल पेटली होती की नाही, कोण अंगणात होते, हे आपल्या मुलांनी नाही विचारले तर कोण विचारणार? जमातीच्या वह्या आणि निकाहाच्या नोंदीही पाहाव्यात. मोडी किंवा उर्दू कागद मिळालाच तर वाचणारा शोधावा. कागद मात्र घरातून हलवू नये, नक्कल करून घ्यावी.

११ डिसेंबरला मुलांनी आपले काम गावासमोर वाचावे. ज्येष्ठ मंडळी चुका काढतील, तेच हवे. जानेवारीत लेखन आणि तोंडी परीक्षा. फेब्रुवारीपासून वार्षिक परीक्षांची घाई.

परीक्षकांनी अक्षराला आणि भाषेला थोडे गुण ठेवून ‘हे तुला कोठून कळले?’ या एका प्रश्नाला अधिक गुण द्यावेत. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो आपल्याच जिल्ह्यातील वाईच्या कागदांवरून. अमेरिकेत प्रा. डेव्हिड व्हॅन टॅसेल यांनी १९७४ साली क्लीव्हलँड शहरात विद्यार्थ्यांची अशीच स्पर्धा सुरू केली. ती आता त्या देशभर चालते. आपल्याला एक शिक्षक, पन्नास वह्या आणि एक कुलपाचे कपाट एवढे पुरे.

प्रत्येक वहीत सांगणाऱ्याचे नाव, वय व मुलाखतीची तारीख असावी. एक प्रत त्या घरी द्यावी, दुसरी कपाटात ठेवावी. पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांच्या हाती हीच वही द्यावी, आणि पहिले काम म्हणून तीतील चुका शोधायला सांगावे.