पेजेची तयारी वैशाखात

पावसाआधी भात उकडून ठेवणं हे आमच्या कुडाळकडच्या बायकांचं वर्षातलं सगळ्यात जड काम. गणपतीतल्या कामाचं कौतुक व्हायचं, कारण ते चार लोकांसमोर चालायचं. भात उकडायचं ते मागीलदारी, रात्रीचं, तीन दगडांवर मोठं भाणं चढवून. संध्याकाळी पाणी तापवून भात त्यात रात्रभर मुरत ठेवायचं, पहाटे पुन्हा जाळ घालायचा आणि टरफल फुटून दाणा डोकावू लागला की उतरवायचं. मग खळ्यात पसरून सावकाश वाळवायचं, घाई केली की दाणा तडकतो. माझी आजी एक दाणा दाताखाली धरायची आणि म्हणायची, "अजून अर्धो दिस व्हयो." गिरण यायच्या आधी हेच भात व्हायनात घालून मुसळाने कांडायचे. उकडलेला दाणा कणखर होतो, कांडताना कमी मोडतो आणि टरफलही सहज सोडतो.

एवढं झालं की वर्षभर सकाळी करण्यासारखं थोडंच उरायचं. मडक्यात पाणी, त्यात धुतलेले उकडे तांदूळ, खाली मंद जाळ. गुरांचं शेण काढून, अंगण झाडून बाई परत येईपर्यंत पेज तयार. तिला ढवळावं लागत नाही, तिच्याजवळ बसावं लागत नाही. वर मीठ घालायचं आणि सोबत खारातली कैरी किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. जोतावरचा माणूस पहाटे चहाही न घेता जायचा, तेव्हा दहा-अकराच्या सुमारास त्याच्यापर्यंत पेज पोचायची. फणसाचं पान हिराने टाचून केलेल्या चमच्याने ती खायची. चिखलात चार तास घाम गाळलेल्या शरीराला पाणी, मीठ आणि भात एकाच भांड्यातून मिळायचा. याहून शहाणी न्याहारी मला माहीत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवायची. पाठ्यपुस्तकात लढाया होत्या, पेज नव्हती. पण शोधलं तर ती जुन्या कागदांत सापडते. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. पटकीसारख्या आजाराविषयी लिहिताना तो सांगतो की इथले लोक रोग्याला तांदळाचं पाणी मिरी आणि जिरं घालून देतात. आमच्याकडे अजूनही पोट बिघडलं की पेजेची वरची निवळ मीठ घालून देतात. 1980 च्या दशकात ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी तांदळापासून केलेली क्षारसंजीवनी रुग्णांना देऊन पाहिली आणि ती उपयोगी ठरली. मधल्या चारशे वर्षांत ज्या बायका ही निवळ वाटीत ओतत होत्या, त्यांचा उल्लेख मात्र कुठे नाही.

दुसरा कागद जास्त कडवट आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये एक फर्मान काढलं. हिंदू चालीरीतींची लांबलचक यादी त्यात आहे आणि त्या सगळ्या बाटलेल्यांना मना केलेल्या आहेत. त्यात एक मनाई अशी, की हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही आणि मीठ मागाहून घ्यायचं नाही. अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे हे फर्मान आपल्या लोकांना नीट कळलं. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. चुलीवरच्या भांड्यात मीठ कधी पडतं यावर सत्तेची नजर होती. तरीही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पेज राहिली, कोरगुटासारख्या खाजनातल्या भाताचे उकडे तांदूळ राहिले आणि सकाळी अकराच्या पेजेची वेळही टिकली. धर्म बदलला तरी शेताची कामं तीच होती आणि हवाही तीच होती, याहून वेगळं कारण मला दिसत नाही.

उकडण्याची किंमत विज्ञानाला उशिरा कळली, तीही मलायातून. तिथल्या कथलाच्या खाणींत काम करणारे चिनी मजूर पांढरा, गिरणीत सडलेला तांदूळ खायचे आणि बेरीबेरीने मरायचे. उकडा तांदूळ खाणाऱ्या तमिळ मजुरांना हा रोग जवळजवळ होत नव्हता. ब्रॅडन नावाच्या डॉक्टरने 1907 मध्ये हा फरक पुस्तकात मांडला. पुढे फ्रेझर आणि स्टँटन या संशोधकांनी जावाच्या मजुरांच्या दोन टोळ्यांना वेगवेगळा तांदूळ देऊन खात्री करून घेतली: पांढऱ्या तांदळाच्या टोळीत बेरीबेरी झाली, उकड्या तांदळाच्या टोळीत झाली नाही. कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व भिजताना आणि वाफ घेताना दाण्याच्या आत उतरतं, म्हणून नंतर सडला तरी त्यातलं बरंचसं टिकतं. शिवाय पेजेतलं पाणी कोणी ओतून देत नाही.

मग ही पेज मागे का पडली? मुंबईमुळे, हे माझं उत्तर. 1854 मध्ये कावसजी दावरांनी कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातलं घरटी एक माणूस गिरणगावात गेलं. भोंग्याला पेज शिजेपर्यंत थांबता येत नव्हतं. माझे काका परळला दहा जणांच्या खोलीत राहायचे, सकाळी इराण्याकडे चहा-ब्रून आणि दोन वेळा खानावळ. गावी आले की त्यांनाही सकाळी आधी चहाच लागायचा आणि आम्हा मुलांना तो मुंबईचा चहा मोठा वाटायचा. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला, पाठोपाठ रेशनिंग आलं. रेशनवर मिळेल तो तांदूळ घ्यायचा, त्यात उकड्याची निवड कुठली. लाजही होतीच. नैवेद्याला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ, पाहुण्याला सुरय तांदूळ. पेज ही गड्याची, बाळंतिणीची, आजाऱ्याची. वर्गात "सकाळी काय खाल्लं?" विचारलं की मुलं 'चाय-बटर' सांगायची आणि त्यांतली निम्मी पेज जेवून आलेली असायची.

आता शहरातले लोक मला झटपट आणि पौष्टिक नाश्ता विचारतात. मी सांगते: एक वाटी उकडे तांदूळ रात्री भिजत घाला, सकाळी सात-आठ वाट्या पाण्यात कुकरला लावा, पाच-सहा शिट्ट्या होऊ द्या, वाफ आपोआप जिरू द्या. मीठ ताटात. सोबत लोणचं, उकडलेलं अंडं किंवा कुळथाची उसळ घ्या, कारण नुसत्या पेजेत प्रथिनं कमी आणि बैठ्या कामाला नुसता भात बरा नव्हे.

तांदूळ मात्र बघून घ्या. दुकानातला एकसारखा पिवळट, गुळगुळीत दाणा मोठ्या गिरणीत वाफवलेला असतो, त्यानेही पोट भरतं. आमच्या बाजारात काही बायका अजून घरी उकडलेला वालय जातीचा तांदूळ घेऊन बसतात. त्याच्यावर लालसर कोंडा शिल्लक असतो, दाणे लहानमोठे असतात आणि मूठभर नाकाशी धरलं तर किंचित धुराचा वास येतो. भाव गिरणीच्या तांदळापेक्षा जास्त असतो. घासाघीस करू नका, त्यात रात्रभराच्या जागरणाची मजुरी धरलेली नसते.