जुनी कडी किलोवर, नवी मूठ नगावर

आज जरा वेगळा विषय घेतो. कपाटाच्या मुठीचा. हो, स्वयंपाकघरातल्या दारांना अन् ड्रॉवरला लावतात तीच. दुकानदार तिला नॉब म्हणतो. "भाऊ, गावात एवढे प्रश्न पडलेत अन् तुम्ही नॉबवर लिहिता?" असं कोणी म्हणेल. पण वाचा पूर्ण. ही गोष्ट महाल-इतवारीचीच आहे.

सध्या आमच्या घरी किचनचं काम सुरू आहे. दारं अन् ड्रॉवर मिळून २४ मुठी लागणार. नगामागे ५० रुपयांचा फरक पडला तरी १२०० रुपये होतात. म्हणून दुकानं पालथी घातली. जिथं गेलो तिथं सगळ्यात आधी समोर आली ती 'अँटिक फिनिश' मूठ. काळपट पिवळी, जुन्या वाड्याच्या कडीसारखी दिसणारी. बहुतेक ठिकाणी ती निघाली जस्ताच्या मिश्रधातूची, वरून रंग दिलेली. अन् खरी जुनी पितळी कडी? ती वाडा उतरवताना भंगारात जाते, किलोवर.

हे असं कसं झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

जुन्या मराठी घरात स्वयंपाकघराला मुठी जवळपास नव्हत्याच. भांडी मांडणीवर उघडी, दूध-लोणी शिंक्यावर, बाकी सगळं कोनाड्यात अन् फडताळात. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासून लखलखीत ठेवायची ती दिसावीत म्हणूनच. घराची धातूची हौस दिसायची मुख्य दारावर: कडी, कोयंडा, बिजागऱ्या, फुल्या. सागवानाला आपल्याकडे तोटा नव्हता, चांद्याचं जंगल जवळ. अन् पितळेसाठी भंडारा प्रसिद्धच. म्हणजे दाराचं लाकूड अन् धातू, दोन्हींची परंपरा आपल्या विदर्भातलीच.

या कामाचा सगळ्यात मोठा नमुना होता महालातला भोसल्यांचा राजवाडा. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामानं भरलेला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले अन् पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. मग हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. वाड्यातलं सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, असं बाकाबाईंनी बजावल्याची हकिगत जॉन के या इंग्रज इतिहासकारानं नोंदवून ठेवली आहे. सामान गेलंच. अन् दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, राजवाडाही जळाला. नगारखाना तेवढा मागे राहिला.

गंमत बघा, त्याच्या एकच वर्ष आधी, १८६३ मध्ये, या शहरात संग्रहालय सुरू झालं होतं. आपला अजब बंगला. म्हणजे वस्तू जपायची जागा गावात होती, अन् गावातलं सगळ्यात देखणं लाकूडकाम राख झालं.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली. बाहेरचा तयार माल येणं सोपं झालं. पुढं १९२३ पासून गोदरेजनं लोखंडी कपाटं बनवायला घेतली अन् त्या कपाटाचं फिरवायचं हँडल मध्यमवर्गीय घरात प्रतिष्ठेची खूण झालं. स्वयंपाकघर मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं. ओट्याखाली तार ताणून लावलेला फुलाफुलांचा पडदा तुमच्यापैकी कितीतरी जणांना आठवत असेल! पडदा गेला, प्लायवूड अन् सनमायका आला, त्यावर मॉड्युलर किचन आलं. आता भांडी दाराआड गेली, म्हणून मूठ समोर आली. पूर्वी घरात आलेला पाहुणा पितळी डबे बघायचा, आता नॉब बघतो.

आता कामाचं बोलतो, कारण घ्यायची तर आहेच.

पितळ ओळखायचं असेल तर मूठ उलटी करा अन् स्क्रूच्या भोकात बघा. आतून पिवळी असेल तर पितळ, राखाडी असेल तर जस्ताचा मिश्रधातू. चुंबक चिकटला तर लोखंड. त्याच आकाराची भरीव पितळी मूठ हाताला जड लागते. मिश्रधातू घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. तो स्वस्त असतो अन् रोजच्या वापराला चालतो. फक्त पितळेचे पैसे त्याला देऊ नका.

नॉबला एक भोक लागतं, हँडलला दोन. त्या दोन भोकांतलं अंतर बहुतेक ३२ च्या पटीत असतं: ६४, ९६, १२८ मिलिमीटर. जुनं हँडल काढून नॉब लावणार असाल तर दुसरं भोक उघडं पडेल, त्याचा विचार आधी करा. १८ मिलिमीटरच्या प्लायला साधारण २५ चा स्क्रू पुरतो. ड्रॉवरला समोरून दुहेरी फळी असेल तर लांब स्क्रू मागून घ्या.

नक्षीची मूठ गॅसजवळ लावू नका. फोडणीचं तेल अन् कणकेचा हात नक्षीत जाऊन बसतो, मग दात घासायच्या ब्रशनं घासत बसा. खालच्या दारांना गुळगुळीत, गोल, बोटात नीट येणारी मूठ बरी. घरात सांधे दुखणारी आजी असेल तर तिला ओढून बघायला सांगा, तिचा निर्णय शेवटचा. हौसेच्या चार मुठी डोळ्यासमोरच्या कपाटाला लावा. जयपूरच्या निळ्या पॉटरीच्या घ्या, नाहीतर पितळेच्या. चार भारी अन् वीस साध्या, असं केलं की खर्चही आवाक्यात राहतो.

आणि घरच्या जुन्या वाड्याची कडी पडून असेल तर तीच का नाही? चिंचेनं घासा, सुताराला दाखवा. कोठीच्या दाराला ओढायला ती मस्त बसते. फुकटात अँटिक, अन् तेही खरं!

शेवटी महापालिकेला एक मागणी. जुना वाडा उतरवायची परवानगी देताना त्याच्या दारांचे, खांबांचे, कड्या-कोयंड्यांचे फोटो अन् मापं दप्तरी जमा करायची अट घाला. मालकाला वस्तू नको असतील तर त्या ठेवायला शहरात एक शेड द्या, अन् निवडक वस्तूंसाठी अजब बंगल्यात एक दालन मागा. वाडा ठेवणं प्रत्येक कुटुंबाला परवडत नाही. छत गळतं, वाटण्या होतात, पोरं पुण्याला असतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण दाराची कडी ठेवायला किती जागा लागते हो?

१८५४ चा लिलाव इंग्रजांनी केला, त्यात आपलं काही चाललं नाही. आता भंगारवाल्याचा काटा आपल्याच अंगणात लागतो. ज्यांच्या घरी असा वाडा उतरणार असेल, त्यांनी काटा लागायच्या आधी निदान एक कडी बाजूला काढून ठेवा.