डब्लिनबाहेर घडलेला डब्लिनकर

आयरिश फुटबॉलचा इतिहास बऱ्याच अंशी आयर्लंडबाहेर घडला, आणि लियम ब्रेडीची कारकीर्द हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. 1956 साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा मिडफिल्डर 1971 मध्ये, पंधराव्या वर्षी, लंडनच्या आर्सेनलकडे गेला. मायदेशातल्या क्लबांकडे पूर्ण वेळ खेळाडू घडवण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे गुणी मुलांसाठी समुद्र ओलांडणे हीच रीत झाली होती. 1979 मध्ये आर्सेनलने एफए कप जिंकला, त्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंनी ब्रेडीला सर्वोत्तम ठरवले. 1980 मध्ये तो युव्हेंटसला गेला आणि तिथल्या दोन्ही हंगामांत इटलीचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या वेळी कातान्झारोविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली, तीही आपल्या जागी फ्रेंच खेळाडू प्लाटिनी येणार हे ठाऊक असताना.

अशी प्रतिभा कुठेही चमकली असती, असा आक्षेप घेता येईल. पण प्रतिभेला दार उघडे मिळावे लागते. परदेशी खेळाडूंवरची बंदी इटलीने 1980 मध्येच उठवली, तीही प्रत्येक क्लबला एका खेळाडूपुरती. परतून मायदेशीच संघ उभारावा, हा विचारही झाला होता. इंग्लंडमध्ये खेळलेला आयरिश फुटबॉलपटू जॉनी जाइल्स 1977 मध्ये त्यासाठीच डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबमध्ये आला. 1978 चा आयर्लंडचा एफएआय कप मिळाला, पण युरोपात दबदबा निर्माण झाला नाही. म्हणून ब्रेडीचे यश साजरे करताना, त्याला घडवण्याची ताकद त्याच्या शहरात नव्हती, ही खंतही नोंदवलीच पाहिजे.