सुरुवातीचे ख्रिस्ती लोक आणि सैतानाची कल्पना

सैतान म्हटलं की शिंगं, शेपूट असं चित्र डोळ्यांसमोर येतं. हे चित्र मध्ययुगात रुजलं. हजरत ईसा (अ.) यांच्यानंतरच्या पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोकांची सैतानाची कल्पना वेगळी होती.

ग्रीक भाषेत 'डायमॉन' म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती, चांगली किंवा वाईट. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द फक्त दुष्ट शक्तींसाठी ठेवला. आपल्याकडे जिन्नांमध्ये नेक आणि बद दोन्ही मानले जातात; त्यांच्याकडे तशी जागा उरली नाही. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणारे जस्टिन मार्टर सांगतात की, वाट चुकलेले फरिश्ते आणि स्त्रिया यांच्यापासून ही भुतं जन्मली आणि लोक त्यांनाच देव समजून पुजू लागले.

त्यांच्या प्रतीकांमागे त्या काळचं राजकारणही दिसतं. मार्कच्या शुभवर्तमानात एका झपाटलेल्या माणसातली भुतं आपलं नाव 'लीजन' सांगतात. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांची रोमन पलटण! ही भुतं पुढे सुमारे २,००० डुकरांत शिरतात. 'प्रकटीकरण' या पुस्तकात सात डोक्यांचा अजगर येतो, समुद्रातून वर येणारं श्वापद येतं आणि ६६६ हा आकडाही येतो. अबजद पद्धतीने बिस्मिल्लाहचे ७८६ होतात, तसेच हिब्रू अक्षरांच्या किमतीने बादशहा नीरोच्या नावाचे ६६६ होतात, असं अनेक अभ्यासक मानतात. जुलमी सत्तेचं नाव उघड घेता येत नव्हतं, म्हणून ते आकड्यात लपवलं गेलं असावं.

भुतं काढणं हे चर्चमधलं रीतसर पद होतं. इ.स. २५१ च्या सुमारास रोमचे बिशप कॉर्नेलियस यांच्या पत्रात भुतं काढणारे, ग्रंथवाचक आणि द्वारपाल मिळून ५२ जणांची नोंद आहे. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला तोंड करून सैतानाला नाकारायचा आणि मग पूर्वेकडे वळायचा.

छळ सोसणाऱ्यांना या कल्पनांनी धीर दिला. पण चौथ्या शतकात सत्ता ख्रिस्ती बादशहांकडे आली आणि 'दुसऱ्यांचे देव म्हणजे भुतं' या समजुतीला हत्यार मिळालं. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं मोठं मंदिर पाडलं गेलं. शिकवण जुनीच होती, फक्त आता ती बोलणाऱ्यांच्या पाठीशी सरकार उभं होतं.