मुक्या विनोदाचा दिग्विजय

ज्या करमणुकीकडे सभ्य समाज नाके मुरडून पाहतो, तिचेच ऋण पुढे साऱ्या जगाला मान्य करावे लागते, असे इतिहासात अनेकदा घडले आहे. लंडनच्या ‘म्यूझिक हॉल’ची कथा याच जातीची आहे.

१८५२ साली चार्ल्स मॉर्टन याने लॅम्बेथ भागात आपल्या मद्यगृहाला जोडून ‘कँटरबरी हॉल’ उघडला. कामकऱ्यांनी मेजाभोवती बसावे, खावेप्यावे आणि समोरची गाणी ऐकावी, असा तेथील थाट असे. परंतु १८४३ च्या नाट्यगृहविषयक कायद्यामुळे अशा मद्यपानाच्या जागी नाटक करण्यास मज्जाव होता. गाणे चाले, नाच चाले, कसरत चाले. संवाद म्हटले की कायदा आडवा येई.

या अडचणीतूनच नवी वाट निघाली. फ्रेड कार्नो या मूळच्या कसरतपटूने शब्दांवाचून रंगणारी प्रहसने बसविली. त्याच्या १९०४ च्या ‘ममिंग बर्ड्‌स’मध्ये एक मद्यधुंद गृहस्थ सज्जात बसून रंगमंचावरील खेळाचा पार विचका करतो. जे बोलता येत नव्हते ते चालण्यातून, अडखळण्यातून आणि पडण्यातून सांगितले जाऊ लागले.

१९०८ मध्ये कार्नोच्या मंडळीत चार्ल्स चॅप्लिन दाखल झाला. त्याचे आईबाप दोघेही म्यूझिक हॉलचे गायक. तरीही बालपणी लॅम्बेथच्या दरिद्रीगृहाची पायरी त्याला चढावी लागली होती. १९१० साली ही मंडळी अमेरिकेस गेली, तेव्हा स्टॅन लॉरेलही तिच्यात होता. चित्रपट त्या काळी मुकाच होता. आणि मुक्याने बोलण्याची विद्या या नटांना पुरती अवगत होती. १९१४ मध्ये चॅप्लिनचा ढगळ विजारीतला भटक्या पडद्यावर अवतरला आणि लवकरच देशोदेशी ओळखीचा झाला. १९५१ च्या ‘आवारा’त राज कपूर यांनी त्यालाच भारतीय वेष चढविला.

इकडे इंग्लंडात १९१२ साली राजे पंचम जॉर्ज यांच्यापुढे म्यूझिक हॉलचा खास प्रयोग झाला. परंतु श्रमिकांची लाडकी गायिका मेरी लॉइड हिला, तिची गाणी चावट म्हणून, त्यातून वगळण्यात आले. चॅप्लिनला ‘सर’ ही पदवी मिळाली ती १९७५ मध्ये, म्यूझिक हॉलचे युग संपल्यानंतर.

गरिबांच्या रंगमंचाचे तोंड कायद्याने बांधले. त्या रंगमंचाने साऱ्या जगाला समजेल अशी भाषा घडविली.